तिसऱ्या पंखामागचे सात अंगठे

सगळ्यात आधी माझ्याच विरुद्ध साक्ष देऊन टाकतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणाला मेहनत नको. मी थापाड्या माणूस आहे. सिंदी मेघेत माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे — ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, ग्रिल, टाक्यांचे स्टँड — आणि तिथे वेल्डिंग जेवढं चालतं त्याच्या दुप्पट माझं तोंड चालतं. हिंगणीकडे वाघ दिसला की लोक वनखात्याला नंतर कळवतात, आधी मला फोन करतात — “भाऊ, किती फुटाचा सांगू?”

पण भूत-प्रेत माझ्या थापांमध्ये कधीच नव्हतं. कारण माझा त्यावर विश्वासच नाही, आणि ज्यावर विश्वास नाही त्याची थाप जमत नाही. दुकानाला लिंबू-मिरची नाही. अमावास्येला नवीन काम हातात घेतो. एका गावच्या स्मशानाचं गेट मी एकट्याने बसवलंय आणि दुपारचा डबा तिथल्याच ओट्यावर खाल्लाय. मस्त सावली होती. तेव्हा खाली जे लिहितोय ते त्या माणसाचं समजून वाचा. जिथे वाढवलंय असं मला वाटेल तिथे मीच कापत जातो.

गोष्ट माझ्या सासऱ्यांची आहे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी — दिनकरराव — आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे. जवानीत घरून निघाले ते थेट दक्षिणेला, समुद्राकाठी, जिथून आपल्या देशाची सुरुवातीची छोटी छोटी रॉकेटं उडायची तिथे नोकरीला लागले. नोकरी कसली? तर रंगाची. रॉकेटला पांढरा रंग मारायचा आणि त्यावर काळे पट्टे ओढायचे. पट्टे शोभेसाठी नाहीत हं. उडताना रॉकेट स्वतःभोवती किती फिरतं ते कॅमेऱ्यात त्या पट्ट्यांवरून मोजतात. हे मला माझ्याच लग्नात, अक्षता हातात असताना सांगितलं होतं त्यांनी.

रिटायर होऊन गावी आले तर गावाने नाव ठेवलं — रॉकेटवाले. अर्धं कौतुक, अर्धी टिंगल. पानठेल्यावर कोणीतरी म्हणायचंच, “रॉकेटवाले, रॉकेट उडवे तं साहेब, तुम्ही तं भिंती रंगवे!”  मामाजी घरी येऊन अंतराळ खात्याला पत्र लिहायचे. वर्षानुवर्षं एकच मागणी — माझ्या गावच्या शाळेला एक जुनं रॉकेट द्या, पोरं पाहतील.

आता यात अडचण अशी, की उडालेलं रॉकेट काही परत येत नाही, ते समुद्रात जातं. शाळेत, म्युझियममध्ये ठेवायला जे मिळतं ते न उडालेलं. जादा म्हणून बनवलेलं, मग गरज पडली नाही, आतला दारू-मसाला काढून गोडाऊनमध्ये ठेवलेलं. असं एक सापडलं, आणि मामाजींच्या काळातलंच सापडलं. मंजुरी आली. शाळेचे हेडमास्तर गोतमारे सर पत्र घेऊन नाचत — बरं, नाचत नाही, भराभर चालत — मामाजींच्या घरी आले.

आणि त्याच आठवड्यात मामाजी न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि दीड महिना पलंग. बायको माझी, वंदना, रोहण्याला त्यांच्याजवळ जाऊन राहिली, मधूनमधून घरी चक्कर.

रॉकेट शाळेत उभं करायचं तर स्टँड पाहिजे, म्हणून ट्रकवाल्याने ते आधी माझ्या दुकानात उतरवलं. पन्नास फूट लांब. बरं, अठरा. जाडी फुटाच्या थोडी वर, शेपटाला चार पंख, आणि प्रत्येक पंखाच्या मुळाशी एक-दोन-तीन-चार असे नंबर ठोकलेले. अर्ध्या तासात अख्खी सिंदी मेघे जमली. एक आजी हळद-कुंकू घेऊन आली. एका काकूंनी विचारलं, “याच्यात माणसं किती बसते?” मी म्हटलं, दोन माणसं अन् एक बकरी. त्यांनी मान हलवली. काकू अजूनही लोकांना तेच सांगत असतील.

आता माझी चूक ऐका.

आमच्या धंद्यात जुनं लोखंड दुकानात आलं की विचार करायचा नसतो. पहिलं काम — घासा. दुसरं — तांबडा प्रायमर. तिसरं — चमकता रंग. पोळ्याच्या आधी माझ्याकडे तीस-तीस ट्रॉल्या रांगेत असतात, सगळ्यांचं हेच. रॉकेटसोबत खात्याचं एक पत्र होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, इंग्रजीत, बरीच पानं. मी पहिल्या पानावर शिक्का आहे का ते पाहिलं. होता. पिशवी ड्रिल मशीनखाली सरकवून दिली.

आणि घासलं. जुना पांढरा रंग पिवळा पडला होता, काळ्या पट्ट्यांचे पोपडे निघाले होते. दोन दिवसांत नाकापासून शेपटापर्यंत चकचकीत पत्रा काढला. दुसरा कोणी असता तर बाहेरून करून सोडलं असतं, पण आपलं काम म्हणजे काम — शेपूट आतून पोकळ असतं, त्यात खांद्यापर्यंत हात घालून आतूनसुद्धा घासलं. गंजाचा ठिपका ठेवला नाही. आतून-बाहेरून तांबडा प्रायमर मारला. मग जागा करायला म्हणून रॉकेट दोन घोड्यांवर — म्हणजे लोखंडी तिवयांवर — ठेवून, शेपूट मागच्या भिंतीकडे सरकवलं. भिंत आणि शेपूट यांच्यामध्ये मांजरसुद्धा जाणार नाही एवढी जागा. बरं, मांजर जाईल. माणूस नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामाजींचा फोन.

“जवाईबापू, आलं म्हनते रॉकेट?”

“आलं मामाजी. एकदम फर्स्ट क्लास.”

“मंग एक काम करा. टॉर्च घ्या अन् शेपटाच्या आत पाहा. तीन नंबरचा पंख हाये ना, त्याच्या बरोब्बर मागच्या अंगाले. काय दिसते?”

मी जागचा हललो नाही. म्हटलं, “काय दिसाले पाहिजे?”

“अंगठे.”

मग त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत ज्याबद्दल घरात एक शब्द काढला नव्हता, ते सांगितलं. रंगखात्यात सात जण होते. रॉकेटचा शेवटचा हात वाळला की दुसऱ्या दिवशी ते उडायला जायचं. साहेब लोक त्याच्यापुढे नारळ फोडायचे, फोटो काढायचे. हे सात जण त्याच्या आधीच, पट्ट्यांचा उरलेला काळा रंग घेऊन, शेपटाच्या आत जिथे कोणी पाहणार नाही तिथे एकेक अंगठा लावायचे.

“नाव लिहू देत नव्हते ना आपल्याले,” मामाजी म्हणाले. “मंग अंगठा. जेवढी रॉकेटं केली तेवढ्याले लावला. ते सारे समुद्रात गेले, जवाईबापू. हे एकच राह्यलं.”

“बाकीचे सहा जण?”

“पाच गेले. एक कुंजुमोन होता, त्याचा फोन लागत नाई. कोनत्या फोटोत आम्ही नाई, कोनत्या पाटीवर नाई. मी मेलो का संपलं. म्हनून पाहा म्हनतो — हायेत ना?”

माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात — खरं सांगतो, वाढवत नाही — तोच ग्राइंडर होता.

“हायेत मामाजी,” मी म्हटलं. “सातही हायेत.”

आयुष्यात हजार थापा मारल्या असतील. ही एकच अशी, की मारता मारता हातातला ग्राइंडर पाठीमागे लपवला.  मामाजी म्हणाले, “बस झालं मंग. उभं कराल त्या दिवशी मले घेऊन चाला. मले माह्या डोयानं पाहाचं हाये. अन् त्याले हात लावू नका बरं कोनी. घासू-बिसू नका.”

रात्री वंदना घरी आली तेव्हा तिला सांगितलं. 

“तुमाले इचारता येत नव्हतं का कोनाले?”

“कागद इंग्रजीत होता.”

“अन् फोन? फोन पन इंग्रजीत होता? बाबाले इचारलं असतं!”

“आता काय करू ते सांग.”

“खरं सांगा.”

“मामाजीले?”

“मंग काय रॉकेटले सांगता?”

मी हो म्हटलं. आणि दोन वेळा रोहण्याला जाऊन आलो. दोन्ही वेळा मामाजी पलंगावरून फक्त त्याच गोष्टी सांगत होते — कोणाचा अंगठा केवढा मोठा, कोण रंग जास्त घ्यायचा, कोणाचं नेहमी ओघळायचं. माझं तोंड, जे कधी बंद नसतं, ते उघडलंच नाही. परत येताना ठरवलं की आपण करू. सात अंगठेच तर लावायचे आहेत. म्हातारा माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, शेपटाच्या आत अंधार. कोणाला कळतंय?

बाहेरून रॉकेटला चांदी रंग मारला, नाक लाल केलं. आतलं मात्र तांबड्या प्रायमरवरच ठेवलं. मग पाव लिटरचा काळा ऑइलपेंट आणला. सात वेगवेगळे अंगठे पाहिजेत म्हणून समोरच्या चहाच्या टपरीवर सहा जण पटवले, सातवा मी. कारण सांगितलं नाही. म्हटलं, सरकारी काम आहे. दुपारी तीनची वेळ दिली.

पावणेतीनला, भर उजेडात, मी शटर वर घेतलं. किल्ली माझ्या एकट्याकडे असते. रॉकेट तसंच होतं, शेपूट भिंतीला लावलेलं. मला आत हात घालायला जागा नव्हती म्हणून घोड्यासकट पुढे ओढलं, फरशीवर ओरखडे पडले, ते आजही आहेत. खाली आडवा झालो. कुठे लावायचे ती जागा आधी फडक्याने पुसून घ्यावी म्हणून तीन नंबरच्या पंखामागे टॉर्च मारली.

सात अंगठे होते.

वरच्या ओळीत चार, खालच्या ओळीत तीन. काळे. माझ्या तांबड्या प्रायमरच्या वर.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. प्रायमरखालून जुनं काही वर आलं असतं तर मी म्हटलं असतं, बरोबर घासलं नसेल. तसं होतं, जुना रंग कधी कधी फुटून वर येतो. पण मी ती जागा चकचकीत पत्र्यापर्यंत घासली होती, आणि हे ठसे माझ्या प्रायमरच्या अंगावर बसलेले होते. नखाने खरवडलं तर आधी काळं निघालं, त्याखाली तांबडं. बोट लावलं — वाळलेलं. कडक वाळलेलं. एक ठसा मोठा, पसरट. एकाचा रंग खाली ओघळून वाळलेला. खालच्या ओळीतला मधला अर्धाच, जसं पुढचं पेर नसावं. वरचा चौथा, त्याच्यामधून तिरपी रेघ गेलेली.

माझा पहिला विचार भुताचा नव्हता. पहिला विचार आला की टपरीवाल्यांनी माझी फिरकी घेतली. तसाच उठून रस्ता ओलांडून गेलो आणि जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. ते सहा जण बाकड्यावर बसले होते. सहाही जणांनी अंगठे वर करून दाखवले. स्वच्छ.

“भाऊ, तुमीच तं तीनले बोलावलं,” टपरीवाला म्हणाला. “आता लावाचे का नाई अंगठे? गिऱ्हाइकं सोडून थांबलो मी!”

त्यांना म्हटलं, काम रद्द. दुकानात येऊन बसलो. काळ्या रंगाचा डबा समोर होता. सील तोडलेलं नव्हतं.

वंदनाला फोन केला, ती दुसऱ्या दिवशी आली. मी तिच्या हातात टॉर्च दिली. ती वाकली, पाहिलं, आणि वाकलेलीच राहिली. मला वाटलं आता ओरडते. उठली तर डोळे भरलेले आणि चेहरा रागाचा.

“केलं ते केलं,” ती म्हणाली. “पन बाबाचा अंगठा कसा घेतला?”

“काय?”

“हा चौथा बाबाचा हाये. डब्याच्या झाकनानं कापला होता त्याहिचा अंगठा, मी दुसरीत होती तवा. ही रेघ मी लहानपनी रोज बोटानं गिरवे. झोपले असतील तवा घेतला ना? कागदपत्रावर घेतात तसा?”

मला त्या रेघेचं काहीच माहीत नव्हतं. वीस वर्षं जावई आहे, सासऱ्याचा अंगठा कोण बघत बसतं? तिला सीलबंद डबा दाखवला.

“मंग दुसरा डबा फेकला असन.”

मी आईची शपथ घेतली. ती म्हणाली, “तुमची शपथ? ज्या मानसानं वाघ सायकलवर बसून गेला म्हनून सांगतलं त्याची?”

आता तुम्ही विचाराल, मामाजींच्या अंगठ्याला काळं लागलं होतं का? संध्याकाळी आम्ही दोघं रोहण्याला गेलो तेव्हा वंदनाने पाणी द्यायच्या निमित्ताने त्यांचा हात उलटापालटा करून पाहिला. नव्हतं. काही नव्हतं. दीड महिना पलंगावर असलेल्या माणसाचा जसा असतो तसा स्वच्छ, पांढुरका अंगठा. मला ही गोष्ट वाढवून सांगायची असती तर इथे मी काळा अंगठा टाकलाच असता, हे लक्षात घ्या. त्यातून तिरपी रेघ मात्र गेलेली होती. मी पहिल्यांदा पाहिली.

रॉकेट उभं करायचा दिवस आला. रोहण्याच्या शाळेच्या मैदानात, झेंड्याच्या ओट्यापासून थोडं बाजूला, मी बनवलेल्या स्टँडवर ते तिरकं चढवलं, उडायला निघाल्यासारखं. शेपूट कमरेच्या उंचीवर. खात्याकडून एक मॅडम तपासायला आल्या होत्या. जुन्या रॉकेटांची देखभाल हेच त्यांचं काम. गाडीतून उतरल्या, रॉकेटकडे पाहिलं, आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

“हे कोणी केलं?”

गोतमारे सरांनी मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

“पत्र वाचलं नाही तुम्ही? कोरड्या ब्रशने धूळ काढायची, बस. तो पिवळा पडलेला रंग, ते पोपडे — तोच तर इतिहास होता. तुम्ही याचं वय पुसून टाकलंत हो!”

 अशा वेळी मी सहसा थाप मारतो, पण त्या दिवशी सरळ म्हटलं, सगळं मीच घासलं, आतूनसुद्धा. मॅडम म्हणाल्या, पाटीवर लिहावं लागेल की मूळ रंग काढून टाकण्यात आला आहे. मी म्हटलं, लिहा.

मग मामाजी आले. वॉकर घेऊन चार पावलं चालले, पुढचं मी आणि गोतमारे सरांनी लाल प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी चांदी रंगाकडे पाहिलं, लाल नाकाकडे पाहिलं.  म्हणाले, “दाखवा.”

त्यांना वाकता येत नव्हतं. ट्रकखाली बघायचा लांब दांड्याचा आरसा मी सोबत नेला होता. तो शेपटात धरला, वंदनाने टॉर्च मारली.  मामाजींनी चष्मा वर केला, खाली केला.

“हा मणी,” ते म्हणाले. “लई रंग घे. पाहा, ओघळला. हा मोठा म्हंजे वर्गीस. हा... हा थॉमस. हा मी.” चौथ्यावर थांबले. मग खालची ओळ. “सेल्वम. हा अर्धा कुंजुमोनचा, मशीनमधी गेलतं त्याचं पेर. अन् हा शेवटचा आमचा मुकादम, अब्दुलभाई.”

कोणी काही विचारलं नव्हतं. एकही नाव त्यांना आठवावं लागलं नाही. मैदानातली पोरं खेळ सोडून खुर्चीभोवती येऊन उभी राहिली होती. आणि मी सांगतो, आमच्याकडची पोरं असा सहजासहजी खेळ सोडत नाहीत.

मॅडमनी आरसा घेतला, स्वतः पाहिलं. कापसाचा बोळा कशात तरी बुडवून एका ठशाच्या कडेला लावला. कापूस पांढराच राहिला — रंग ताजा असता तर काळा झाला असता. मला बाजूला घेऊन विचारलं, “तुम्ही म्हणता सगळं घासलं. मग प्रायमरच्या वर हे कोणी लावले?”

“मला माहीत नाही.”

“नक्की?”

“मॅडम, मी खोटं बोललो असतो तर याच्यापेक्षा चांगलं बोललो असतो.”

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मला माहीत नाही. पण पाटी लागली तेव्हा तिच्यावर सात नावं होती, मामाजींनी सांगितली त्या क्रमाने. रंगखात्याचे कामगार म्हणून.

चहा सुरू झाला तसे सगळे तिकडे गेले. मी खुर्चीजवळ बसलो. मामाजी रॉकेटकडे बघत होते. मला वाटलं आता तरी बोलावं. म्हटलं, “मामाजी, एक सांगाचं होतं...”

“तुम्ही घासलं,” ते म्हणाले. “आतूनबी घासलं.”

“तुमाले कसं...”

“चौतीस वर्षं रंग मारला जवाईबापू, वरचा हात कोनता अन् खालचा कोनता ते मले दिसत नसन का? तो तांबडा तुमचा हाये. ते त्याच्या वर हायेत. म्हंजे तुम्ही फोनवर सांगतलं तवा काई नव्हतं तिथं.”

मी हात जोडले. “नव्हतं. चुकलो. पन मामाजी, वंदनाची शपथ, हे मी नाई केले.”

“तुमच्यानं होतच नाई ते. मणीचा ओघळ तुम्ही कुठून आनान?”

“मंग कोनं लावले?”

मामाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी धंद्यातली अगदी साधी गोष्ट विचारली.

“आमचा नियम होता,” ते म्हणाले. “रंग पुन्हा माराले लागला, का अंगठे पुन्हा लावाचे.”

आणि चहा मागितला. साखर जास्त टाका म्हणाले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. मामाजी काठीवर चालतात. सकाळी शाळेपर्यंत जातात, पाटीजवळच्या बाकावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला काळे पट्टे कशासाठी असतात ते सांगतात. पट्टे आता राहिले नाहीत तरी सांगतात. पानठेल्यावर कोणी टिंगल करत नाही. कुंजुमोनचा फोन अजून लागलेला नाही. ते आहेत की नाहीत, आम्हाला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात गोतमारे सरांचा फोन आला. आमच्याकडचं ऊन, चांदी रंग उडाला, शेपटाच्या आत पाणी जाऊन प्रायमर सुटायला लागलाय. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, मूळ रंग गेलाच आहे, आता पत्रा वाचवायचा असेल तर आतून पुन्हा एक हात मारून घ्या, ठशांच्या जागी मात्र जसं आजोबा म्हणतील तसं. सर म्हणाले, “या तुम्ही रविवारी.” मी रोहण्याला गेलो. मामाजी बाकावर होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “मारा ना. बिनधास्त मारा, सगळीकडून. पाहू.”

प्रायमरचा डबा गाडीत होता, ब्रश होता, दिवसाचा भरपूर उजेड होता. एक हात मारायचा, वाळू द्यायचा, आणि दोन-चार दिवसांनी आरसा लावून बघायचा. हो किंवा नाही, जगासमोर. मला खोटा म्हणणाऱ्या सगळ्यांना तिथे उभं करता आलं असतं, बायकोसकट. माझ्यासारख्या माणसाला याहून मोठा मोका कुठे मिळायचा?

ठशांच्या चारी बाजूंनी हातभर जागा सोडून मी बाकीचं रंगवलं. तेवढं सोडून दिलं.

मामाजी हसले. “भेले काय जवाईबापू?”

मी म्हटलं, हो. त्यांना वाटलं मी ठसे पुन्हा येतील म्हणून घाबरलो. पण मला भीती वेगळीच होती — पुन्हा आले नाहीत तर? किंवा सहाच आले तर? तो म्हातारा उद्यापासून त्या बाकावर कोणासोबत बसेल?

हे कसं झालं, मला माहीत नाही. मॅडमला माहीत नाही, वंदना तर आजही म्हणते की मीच केलं.  तपासायचा रस्ता आहे, अर्ध्या तासाचं काम आहे. ते मी करणार नाही.